गळती थांबवणारा माणूस

झडप गळते आहे, असे सांगितले की रुग्णाचा चेहरा उतरतो. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप नीट मिटली नाही, तर प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त आल्या वाटेने मागे फिरते. हृदय जोर लावतच राहते, पण त्या जोरातला काही भाग फुकट जातो. लहानपणी घसा आणि सांधे धरणाऱ्या तापामुळे झडप खराब झालेले रुग्ण सरकारी दवाखान्यात आजही येतात. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की ‘लब-डब’च्या मध्ये गळतीची सळसळ ऐकू येते.

इंजिनाचेही दुखणे हेच. पेट्रोल आणि हवा कोंडायची, पेटवायची आणि फुगणाऱ्या वायूकडून काम करून घ्यायचे. तो वायू फटीतून निसटला तर ताकद गेली. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाने आपले जवळजवळ सगळे आयुष्य या एका फटीपायी घालवले. त्यांच्या नावाचे ‘वांकेल इंजिन’ गाड्यांच्या शौकिनांना ठाऊक आहे. घरी विमान बांधणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींनाही ते ठाऊक आहे, आणि आपल्या नगरच्या एका सरकारी प्रयोगशाळेशीही त्याचा संबंध आला आहे.

वांकेल यांचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ रोजी जर्मनीच्या नैर्ऋत्येला, लार या गावी झाला. वडील जंगल खात्यात अधिकारी होते. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच ते मारले गेले. आई एकुलत्या एका मुलाला घेऊन हायडेलबर्गला आली. युद्धानंतर जर्मनीत पैशाची किंमत इतकी कोसळली, की विधवेच्या शिलकीला अर्थ उरला नाही. शाळेची शेवटची परीक्षा न देताच १९२१ साली फेलिक्स शाळेबाहेर पडले. कॉलेजचे तोंड त्यांनी पाहिले नाही. हायडेलबर्गच्या एका प्रकाशन संस्थेत त्यांना काम मिळाले. दिवसा पुस्तकांचा व्यवहार आणि उरलेल्या वेळात यंत्रांचा नाद. गणित बेताचे होते, दृष्टी फार अधू होती, पण वस्तू मनात फिरवून पाहण्याची ताकद विलक्षण होती. मित्रांना जमवून १९२४ साली त्यांनी एक छोटी कार्यशाळा उभारली.

त्यांच्या डोक्यात काय होते ते समजायला नेहमीचे इंजिन आठवा. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. मिनिटाला हजारो वेळा. या उठाबशांमुळे इंजिन थरथरते, आणि ही वर-खाली चाल गोल फिरवण्यासाठी क्रँक, व्हॉल्व्ह असा मोठा संसार लागतो. वांकेल यांना मुळापासून गोल फिरणारे इंजिन हवे होते. एका पसरट पेटीत, जिची आतली भिंत मध्ये किंचित आवळलेल्या अंडाकृतीसारखी आहे, एक तीन कोपऱ्यांचा लोखंडी तुकडा फिरतो. त्याच्या बाजू फुगीर. फिरताना त्याचे तिन्ही कोपरे भिंतीला सतत टेकलेले. त्यामुळे भिंत आणि तुकडा यांच्यामध्ये तीन कप्पे होतात, आणि ते फिरता फिरता लहान-मोठे होत राहतात. एका ठिकाणी मिश्रण आत येते, पुढे दाबले जाते, पेटते, आणि आणखी पुढे धूर बाहेर जातो. व्हॉल्व्ह नाहीत, उठाबशा नाहीत. तो तुकडा एकदा फिरतो तोवर मधला दांडा तीनदा फिरतो. (पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या ‘रोटरी’ इंजिनाशी याची गल्लत करू नये. त्यात अख्खे सिलिंडरच पंख्याबरोबर गरगरत असत, पण आत पिस्टन जुनेच.)

१९२९ साली वांकेल यांनी अशा फिरत्या इंजिनाचे एक पेटंट घेतले. ते चालण्यासारखे नव्हते. फिरत्या इंजिनाची कल्पना त्यांच्याआधीही अनेकांना सुचली होती, आणि प्रत्येकाची गाडी एकाच जागी अडली होती. कोपरा भिंतीला टेकतो तिथे वायू अडवायचा कसा? पट्टी घट्ट दाबली तर भिंत खरवडते, सैल ठेवली तर गळते. वांकेल यांनी इंजिन बाजूला ठेवले आणि वर्षानुवर्षे फक्त पट्ट्यांचा अभ्यास केला. त्यांच्या ध्यानात आले की पट्टी स्प्रिंगने दाबून ठेवण्यापेक्षा तिच्या खाचेत मागून वायू शिरू द्यावा. मग ज्या वायूला अडवायचे, तोच पट्टीला भिंतीवर दाबून धरतो. दाब वाढला की पकड वाढते, दाब उतरला की सैल होते. हृदयाची झडपही अशीच मिटते. तिला ओढून बंद करणारा स्नायू नाही, मागे फिरू पाहणारे रक्तच तिला मिटवते. वांकेल यांनी शरीरशास्त्र वाचले होते की नाही कोण जाणे, पण उत्तर मात्र तेच निघाले.

आता त्यांच्या आयुष्यातला तो भाग, जो मोटारींच्या मासिकांत बहुधा दोन ओळींत उरकतात. वांकेल विशीतच ज्यूद्वेषी गटांत गेले आणि १९२२ साली नाझी पक्षात दाखल झाले. पुढे पक्षाच्या युवक संघटनेत त्यांनी कामही केले. स्थानिक पुढारी रॉबर्ट वॅग्नर याच्यावर त्यांनी भ्रष्टाचाराचे आरोप केले आणि पक्षाबाहेर गेले. १९३३ साली सत्ता हाती येताच वॅग्नरने त्यांना तुरुंगात टाकले. काही महिन्यांनी सुटका झाली ती हिटलरचा आर्थिक सल्लागार विल्हेल्म केप्लर याच्या शब्दामुळे. एवढ्यावरून त्यांना नाझींचा बळी ठरवणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. भांडण एका पुढाऱ्याशी होते, विचाराशी नव्हते. पुढे १९४० साली ते हिटलरच्या एसएस या संघटनेत अधिकारी झाले. दोन वर्षांनी त्यांना तिथून काढण्यात आले, ते स्वतःहून बाहेर पडले नव्हते.

मधल्या काळात काम जोरात होते. १९३४ मध्ये बीएमडब्ल्यूने त्यांना घेतले. १९३६ पासून जर्मन हवाई मंत्रालयाच्या पैशावर बोडन सरोवराच्या काठी, लिंडाऊ येथे, त्यांची स्वतःची प्रयोगशाळा उभी राहिली. लढाऊ विमानांच्या इंजिनांसाठी फिरत्या झडपा आणि त्यांची गळती, हा तिथला विषय. म्हणजे वांकेल यांच्या कामाचा विमानाशी संबंध पुढे आलेला नाही, तो सुरुवातीपासूनचा आहे, आणि तो युद्धाचा आहे. १९४५ साली फ्रेंच सैन्य लिंडाऊत आले. प्रयोगशाळेतली यंत्रे उचलून नेली गेली आणि वांकेल तुरुंगात गेले. सुटल्यावरही काही वर्षे संशोधनाला बंदी होती.

१९५१ च्या सुमारास मोटारसायकली बनवणाऱ्या एनएसयू कंपनीने त्यांच्याशी करार केला. १ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांचे पहिले इंजिन चालले. त्यात आतला तुकडाही फिरत होता आणि बाहेरची पेटीही. चालायचे फार गोड, पण प्लग बदलायचा तर अख्खे इंजिन खोलावे लागे. एनएसयूचे एक इंजिनिअर हान्स-डिटर पाश्के यांनी व्यवहारी विचार केला. बाहेरची पेटी त्यांनी स्थिर ठेवली, आतला तुकडा तेवढा फिरवला. १९५८ साली ते इंजिन चालले. हे वांकेल यांना न विचारता झाले आणि त्यांना ते मुळीच आवडले नाही. आज आपण ज्याला वांकेल इंजिन म्हणतो ते खरे तर पाश्के यांचे रूप आहे. नाव मात्र न आवडलेल्या बापाचे लागले.

पुढची दहा वर्षे या इंजिनाची लाट होती. अमेरिकेची कर्टिस-राईट, जर्मनीची डाइमलर-बेंझ, जपानची तोयो कोग्यो म्हणजे आजची माझदा, अशा अनेक कंपन्यांनी परवाने घेतले. एनएसयूने १९६७ साली आरओ ८० ही देखणी गाडी काढली आणि ती तिच्यासकट बुडाली. कोपऱ्याच्या पट्ट्या झिजत होत्या, ग्राहक इंजिने परत आणत होते, कंपनी फुकट बदलून देत होती. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. हिरोशिमात मात्र केनिची यामामोतो आणि त्यांचे सहकारी त्याच पट्टीशी झुंजत होते. भिंतीवर उठणाऱ्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. पट्टीची घडण आणि धातू बदलत त्यांनी ते थांबवले. मग १९७३ चे तेलसंकट आले. वांकेल इंजिन पेट्रोल जास्त पिते, कारण त्याचा जळणाचा कप्पा लांबट, चपटा आणि सरकता असतो. ज्वाला कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर थोडे पेट्रोल न जळताच बाहेर पडते. बाकीच्यांनी हात झटकले, माझदाने सोडले नाही.

माझदाच्या या हट्टामुळेच ते इंजिन घरगुती विमानांत पोचले. घरी विमान बांधणे हा अमेरिका-युरोपातला जुना छंद आहे. आपल्याकडे मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले आणि २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते ठेवले, तेव्हा अनेकांना हे असेही होते ते कळले. विमानासाठीचे प्रमाणित इंजिन भयंकर महाग. त्या मानाने जुन्या माझदा गाडीतले दोन रोटरचे इंजिन स्वस्त, आकाराने छोटे, ताकदीच्या मानाने हलके. त्यात मोडणारे भाग कमी. एखादी पट्टी तुटली तरी ते बहुधा एकदम जाम न होता कण्हत-कुथत काही वेळ फिरत राहते, आणि जमिनीपासून तीन हजार मीटरवर हा गुण सोन्याच्या मोलाचा आहे. फक्त त्याचा दांडा पंख्याच्या मानाने फार वेगाने फिरतो, म्हणून मध्ये गिअर घालावा लागतो.

खरी परीक्षा मात्र पेट्रोलच्या मापाची. जुन्या इंजिनात कार्बोरेटर असे. आमच्या सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांना तो समजावून सांगायला नको. ठिबकच्या पाइपाला खत ओढणारी जी व्हेंच्युरी बसवतात, तेच तत्त्व. नळी आवळली की वेग वाढतो, दाब उतरतो आणि शेजारचे द्रव ओढले जाते. इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनमध्ये हे ओढण्यावर सोडत नाहीत. एक छोटा संगणक दांड्याचा वेग, आत येणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान पाहतो. इंजेक्टर किती हजारांश सेकंद उघडा ठेवायचा, ते त्यावरून ठरते. हे ठरवण्यासाठी त्याच्याकडे आकड्यांचा एक तक्ता असतो. अमुक दाब, अमुक वेग, तर इतके पेट्रोल. इन्सुलिनच्या डोसचा तक्ता आम्ही वॉर्डात लावतो, तसाच.

गाडीच्या कंपनीने तक्ता गाडीसाठी भरलेला असतो. विमानाचे वागणे वेगळे. गाडी क्षणभर जोर लावते आणि सुस्तावते. विमान चढताना पूर्ण ताकद मिनिटेच्या मिनिटे लागते. तीन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा पाव भागाने विरळ असते. म्हणून बांधणाऱ्याला तक्ता स्वतः भरावा लागतो. आधी विमान जमिनीला बांधून, मग विमानतळाच्या वरच घिरट्या घालत, एकेक आकडा हळूहळू. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. पूर्ण ताकदीसाठी पेट्रोल त्याहून जास्त ठेवतात, म्हणजे हवा साडेबारा-तेरा पट. पूर्ण जोरावर पेट्रोल कमी पडले, तर मिश्रण वेळेआधी भडकते आणि हातोडा मारल्यासारखे ठोके बसतात. पहिली तुटते ती तीच कोपऱ्याची पट्टी, जिच्यासाठी वांकेल यांनी आयुष्य घालवले.

माझदाच्या इंजिनात एक खोच आणखी आहे. त्यात प्रत्येक रोटरला कमी जोरासाठी एक इंजेक्टर असतो आणि जोर वाढला की दुसरा मदतीला येतो. दुसरा सुरू होताना पहिल्याचे माप तेवढेच कमी व्हावे लागते. ते जुळले नाही तर त्या टप्प्यावर इंजिन अडखळते. गाडीत हा नुसता झटका. विमानात हा टप्पा थ्रॉटल कमी-जास्त करताना, म्हणजे नेमका उतरण्याच्या गडबडीत, लागू शकतो. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर मिश्रणाची खबर देतो, पण विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसे असेल तर तो लवकरच निकामी होतो. म्हणून जाणती मंडळी सेन्सरवर विसंबत नाहीत, मिश्रण हाताने कमी-जास्त करायचे एक बटण वैमानिकाजवळ ठेवतात. शिवाय वीज गेली की इंजेक्शन बंद आणि इंजिनही बंद. त्यामुळे संगणक दोन, पेट्रोलचे पंप दोन, बॅटऱ्याही दोन.

पेट्रोल जास्त ठेवले की इंजिन सुरक्षित, हे खरे. डॉक्टर म्हणून मला मात्र तिथे वेगळी भीती दिसते. अर्धवट जळलेल्या पेट्रोलमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. वांकेल इंजिनाचा धूर इतर इंजिनांपेक्षा गरम असतो आणि तो नळ्या तडकवतो. तडकलेल्या नळीतला धूर बंद कॉकपिटमध्ये शिरला, तर आधी डोके दुखते, मग मळमळ, मग निर्णय चुकायला लागतात. उंचीवर मुळातच ऑक्सिजन कमी, त्यामुळे हे सगळे लवकर होते. आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवतो, आकडा चांगलाच दाखवतो, कारण त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक ओळखता येत नाही. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे किंवा बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून बेशुद्ध पडलेली मुलगी दवाखान्यात येते, तेव्हा नातेवाईक तोच आकडा दाखवून विचारतात, ऑक्सिजन तर ठीक आहे ना? ठीक नसतो. अशा रुग्णाला आधी मोकळ्या हवेत आणायचे आणि मग लगेच मास्कने भरपूर ऑक्सिजन द्यायचा. विमानवाल्यांनी कॉकपिटमध्ये कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे यंत्र लावावे, आणि गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवावा.

आता नगरची गोष्ट. भारतीय लष्कराच्या ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानाला आधी परदेशी वांकेल इंजिन होते. ते इथेच बनवायचे ठरले. इंजिनाचा गाभा बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने घडवला. प्रज्वलन आणि इंधनाची व्यवस्था, म्हणजे वर सांगितलेले सगळे मापाचे काम, अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेकडे होते. ५५ अश्वशक्तीचे, सुमारे ३० किलो वजनाचे हे इंजिन लावून २००९ साली कोलारजवळून निशांत उडाले.

वांकेल यांनी हे पाहिले नाही. १९६९ साली म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने, शाळाही पूर्ण न केलेल्या या माणसाला मानद डॉक्टरेट दिली. १९७१ मध्ये त्यांची कंपनी लोन्रो या ब्रिटिश उद्योगसमूहाने १० कोटी मार्कांना घेतली. हाती पैसा आला तेव्हा त्यांनी एक अनपेक्षित गोष्ट केली. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचे हाल कमी करणाऱ्या संशोधनासाठी १९७२ साली पुरस्कार सुरू केला. त्या काळी सलाइनमध्ये ताप आणणारा अंश आहे का हे पाहायला सशांना ते टोचून त्यांचा ताप मोजत. आता अशा पुष्कळ चाचण्या काचेच्या नळीत होतात. प्राण्यांबद्दलची त्यांची कणव खरी होती, त्याबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. तरुणपणी माणसांतल्या एका समाजाबद्दल ती कुठे गेली होती, हा प्रश्न मला हा मजकूर लिहिताना सारखा पडत होता. त्याचे उत्तर मला सापडलेले नाही.

लिंडाऊत ते शेवटपर्यंत काम करत होते, सरोवरावर वेगाने जाणाऱ्या बोटींवरही. ९ ऑक्टोबर १९८८ रोजी हायडेलबर्गमध्ये त्यांचे निधन झाले. तीनच वर्षांनी माझदाने वांकेल इंजिनाच्या गाडीवर ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. वांकेल यांनी स्वतः कधी गाडी चालवली नाही. अधू दृष्टीमुळे त्यांच्याकडे परवानाच नव्हता. त्यांच्याकडे आरओ ८० होती, ती ड्रायव्हर चालवायचा.